पाठ कर

आये,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. परवा शाळेचे जिने चढताना गुडघा धरला, तर बरोबरच्या मॅडम हसत म्हणाल्या, "तुम्ही पारधी ना? औषधी मुळ्याबिळ्या तुमच्या रक्तातच असतात की!" रक्तात काय असतंय कप्पाळ! असतं तर तू मला माळभर पाठमोरी उभी केली नसतीस.

केम गावाच्या पलीकडचा तो माळ. तू पुढे, पाटी डोक्यावर घेऊन मी मागे. एखाद्या झुडपापाशी थांबायचीस, वाकून त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचीस आणि माझ्याकडे न बघताच म्हणायचीस, "पाठ कर." मी पाठ फिरवून उभी राहायची. मागे खुरप्याचा आवाज, मग ओल्या मुळीचा वास, मग माती परत लोटून थापल्याचा आवाज. घरी ठेचायला मात्र मीच! तीही सोलून तुकडे केलेली, पान नाही, फूल नाही, काही म्हणून कळू नये अशी. एकदा विचारलं, तर चुलीपुढून उठून माझ्या हातातला वरवंटा काढून घेतलास. "लेक परक्या घरची. सून आली की तिला दावीन. आपल्या घरची रीतच हाय तशी."

सून! दादानं लग्नच केलं नाही. त्याचे केस पिकले, तुझी नजर गेली, तरी तू सुनेची वाट बघत बसलीस. आणि रजा काढून तुझे पाय चेपत होते मी. शेवटच्या दुखण्यात हात जोडले तुझ्यापुढे. "आये, आता तरी सांग की. वस्तीत कुणाचा गुडघा सुजला तर मुळी कोण देणार?" तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. जी बाई कधी आलीच नाही तिच्यासाठी सगळं राखून ठेवलंस आणि घेऊन गेलीस. मला काय दिलंस? खुरपं! जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये खिडकीत पडून असतं ते.

रविवारी लेकीला घेऊन गाडीनं केमला उतरले. वाटेत तिला ठणकावून सांगितलं, आपल्या घरात यापुढे कुणी पाठ करायची नाही. माळावर एका झुडपापाशी थांबले. हेच असावं असं वाटलं. खुरपं घातलं, तर दोन झाडांच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या. तुझी कुठली, कळेना. लेक मोबाइल काढून वाकून बघत होती.

"ही का गं आई?"

"पाठ कर," मी म्हटलं.

तिनं पाठ केली. मी माती परत लोटली, थापली.

ते मी रीत म्हणून म्हटलं नाही, आये. मला येत नाही, हे तिला दिसू नये म्हणून म्हटलं. तुला वाचता येत नव्हतं. तिला येतं, म्हणून हा कागद फाडतेय.