मामा, रडकी आणि पाहुणा

आबा, धुळ्याचं तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान कधीच बंद झालं, पण तिथले शब्द मी जळगावला घेऊन आले होते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात त्याच वर्षी मी नोकरी सांभाळून एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. शेतातला पंप घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करायचा, एवढंच त्याचं काम. तो मी सगळ्यांसाठी खुला ठेवला. कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, फुकट वापरावा. त्याच्या एकेका भागाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचेचना. कमी दाबाच्या विजेवर घरघरणाऱ्या मोटारीला तुम्ही 'रडकी' म्हणायचात, म्हणून विजेचा दाब तपासणारा भाग झाला रडकी. विहिरीचं पाणी संपलं की पंप थांबवणारा भाग झाला मामा, कारण आईचा भाऊ चहा संपला की लगेच उठायचा आणि तुम्ही हसत म्हणायचात, "कप रिकामा, मामा रवाना." आणि वीज कधी येईल याची वाट पाहून ती आल्याबरोबर पंप सुरू करणारा भाग, तो पाहुणा. वेळी-अवेळी येते म्हणून विजेला तुम्ही पाहुणाच म्हणायचात ना.

ते दिवस बरे होते. वापरणारे ओळखीचे होते, कोड माझ्या एकटीचा होता, आणि लिहिताना तुम्ही शेजारी बसल्यासारखं वाटायचं. मग प्रोग्रॅम रावेर, चोपडा, शिरपूरपर्यंत पोचला आणि मी अडकले. काहीही बिघडलं की फोन मलाच. मदत करायला माणसं यायची, हुशार यायची, दोन दिवस कोड वाचून विचारायची, "ताई, हा मामा नेमका काय करतो?" एकाला सांगितलं की दुसरा विचारायचा. सांगण्यापेक्षा स्वतः करणं सोपं पडायचं. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात मी मांडवामागे लॅपटॉप उघडून बसले होते. अक्षता पडल्या त्या मला फक्त ऐकू आल्या.

तुम्हीही असेच होतात. माझ्या कॉलेजच्या बक्षीस समारंभाला निघालात, धुळ्याच्या बसस्टँडवर पोचलात, आणि दुकानातून बोलावणं आलं म्हणून तिथूनच माघारी फिरलात. कुठल्या डब्यात काय आहे ते तुमच्याशिवाय कोणाला कळायचं नाही. लोकांना वापरायला दिलेली आणि सहसा परत न येणारी हत्यारं ज्या फळीवर असायची ती तुमची 'सासरवाडी'. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सगळ्या डब्यांवर कागद चिकटवते आहे: बेअरिंग, कपॅसिटर, तांब्याची तार. वाटतंय, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही येता, दारातच थांबता. "हाई बठ्ठं कोन्ही करं?" मी म्हणते, मी. तुम्ही एक कागद सोलून काढता आणि म्हणता, "आते कोन्ही बी येई आनि दुकान चालाडी. मंग मना काय काम शे?" आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला. तुमच्यामागे काकांच्या मुलानं दुकान उघडून पाहिलं, महिनाभर डबे उघडले-झाकले आणि शटर ओढून घेतलं.

या मे महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्याच आठवड्यात धुळ्याच्या एका मुलीनं कोडमध्ये बदल पाठवला. पॉलिटेक्निकमध्ये शिकवते ती, काम नीट असतं तिचं. मी दवाखान्याच्या बाकावरूनच मंजूर करून टाकला आणि तो सगळ्यांच्या पंपांपर्यंत पोचला. आठवडाभरानं रावेरकडच्या एका शेतकरीण बाईंचा फोन. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या गाव सोडून गेल्या होत्या, शेत प्रोग्रॅमच्या भरवशावर. "माह्या केयी माना टाकून बसल्या वं माय," म्हणाल्या. वीज रोज येऊन जात होती, पण पंप एकदाही सुरू झाला नव्हता. केळीची कोवळी बाग, वर खानदेशचं ऊन. निम्मी गेली.

त्या मुलीनं पाहुणा बंद केला होता. कॉम्प्युटरच्या जगात पाहुणा म्हणजे 'गेस्ट', पासवर्डशिवाय आत येणारा परका माणूस. कोणीही परका येऊन लोकांचे पंप चालवेल, या काळजीनं तिनं ते दार लावून घेतलं होतं.

ती धुळ्याहून बस पकडून जळगावात, पिंप्राळ्याला आमच्या घरी आली. स्वयंपाकघरात आई डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसलेली. मी चहा ठेवला आणि त्या मुलीवर तोंड सोडलं. न विचारता हात का लावलास, असं बरंच. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, त्या बाईंकडे मी जाऊन आले. पाया पडले त्यांच्या. पण तुम्ही मला सांगा, 'पाहुणा' वाचून मी दुसरं काय समजायला हवं होतं?"

मी चहा गाळायला घेतला. आई म्हणाली, "हिचा बाप बी असाच व्हता. सोता कोंडी घे आनि म्हने, माले कोन्ही सोडत नही." तुमच्याविषयी आई असं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, आबा.

आम्ही तिथेच बसलो. ती मुलगी एकेका भागाकडे बोट दाखवून विचारायची, "हा करतो काय? एका वाक्यात." मी सांगायचे, ती त्यातलंच नाव काढायची. पाहुणा झाला 'वीज येताच सुरू'. रडकी झाली 'दाब तपासणी'. मी म्हटलं, "हे काय नाव झालं? पाटी आहे ही." ती म्हणाली, "पाटीच हवी, ताई." मामाचं 'पाणी संपताच बंद' झालं तेव्हा आई म्हणाली, "मना भाऊले बी काढी टाकं का?" आणि आम्ही तिघीही हसलो. ती गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून रडले. तुम्ही गेलात तेव्हाही इतकं रडायला आलं नव्हतं.

आता कोड कोणालाही कळतो. शिरपूरचा एक जण परस्पर दुरुस्त्या पाठवतो, धुळ्याची मुलगी त्या तपासते. फोन गप्प असतो. त्या रावेरच्या बाईंनी पुन्हा लागवड केली आहे. प्रोग्रॅम मात्र त्यांनी परत लावलेला नाही, आणि लावा असं म्हणायचा धीर मला झालेला नाही.

मेहरूण तलावाकडे फिरायला जाईन, आईला घेऊन कुठे चार दिवस जाईन, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. अजून घरीच आहे. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही आणि आईला मी वाचून दाखवणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. आज सकाळी त्या मुलीचा फोन आला. नाव दिसताच मी उचलला आणि लॅपटॉप उघडत विचारलं, "काय अडलं गं?" ती म्हणाली, "काहीच नाही, ताई. सहज केला." मी बरं म्हटलं, इकडचं तिकडचं बोलले आणि फोन ठेवला. आबा, काही अडलेलं नाही हे ऐकून मला वाईट वाटलं.