खेळातलं पाणी

मुकुंदवाडी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. कॉलेजात खेळायचो तो खजिना शोधायचा जुना गेम आज परत लावला. हिरोचं तोंड ठोकळ्यासारखं, भिंती पुठ्ठ्याच्या. पण देवळातल्या कुंडात पाणी पडतं, तो आवाज अजून लई खरा वाटतो. त्याच्यासाठीच परत जातो का मी तिथं?

आमच्याकडं नळ उघडाच ठेवतात, पाणी आलं की आवाजानं कळावं म्हणून. गेममधला आवाज ऐकून बायको हंडे घेऊन अंगणात पळाली. कोरडा पाइप हातात घेऊन परत आली. हिरो मजेत पोहत होता.

"लाज वाटती का काही तुम्हाला?"

समोरच्या नव्या इमारतीची मोटर सगळं पाणी ओढते, त्यांना विचार जाऊन, म्हणालो. कॉम्प्युटर बंद केला आणि पडून राहिलो. मेला तो हिरो.

थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज.

"बंद करा म्हटलं ना ते," ती स्वयंपाकघरातून ओरडली.

"कवाचंच बंद केलंय," मीही ओरडलो. तिचा विश्वास बसेना, मी माघार घेईना. बराच वेळ भांडलो. मग एकदम दोघंही अंगणात पळालो.

अंगणातलं पाणी पार रस्त्यावर गेलं होतं.