जांभळ्या उजेडातली अंबाडी

आई, टण्ण आणि ठप्प. आज सकाळपासून हे दोनच आवाज कानात आहेत. चाळीच्या गॅलरीत कठड्याशी वनस्पती तुपाचा रिकामा डबा असायचा, त्यात तुझी अंबाडी, आणि पाणी घालण्याआधी तू बोट मुडपून त्या डब्यावर वाजवून बघायचीस. टण्ण वाजलं की माती कोरडी. ठप्प वाजलं की आत ओल आहे, आज पाणी नको. मी उंबऱ्यावर बसून शाळेची कविता घोकत असायचो आणि तुझ्या त्या वाजवण्याने माझी लय चुकायची. "थांब की गं, भुजंगप्रयात मोडला माझा," असं मी ओरडायचो. भुजंग म्हणजे काय हे एकदा मीच तुला सांगितलं होतं, त्यामुळे तू शांतपणे म्हणायचीस, "मोडू दे. साप मोडल्याचं कुनाला दुख?"

तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं. पण तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती आज सांगायला हवी, कारण संध्याकाळी पाच वाजता सोसायटीची कमिटी माझ्या घरी येणार आहे. माझी अंबाडी उपटून टाका म्हणून सांगायला. तुझा मुलगा सत्त्याहत्तराव्या वर्षी घरात गांजा लावतो असा त्यांना संशय आहे. हसू नकोस. नाही, हस. मीही सकाळपासून हसतोच आहे, फक्त मधूनच उठून दाराची कडी बघून येतो. ती झाडं आता गुडघ्याच्या वर आली आहेत, आई. बी तुझ्या माहेरच्या बाजारातलं, मामेभावाने शेवटचं आणून दिलेलं. तोही आता गावाला जात नाही. सगळं बी मी पेरून बसलो. झाडं फुलायच्या आत उपटली तर पुढे पेरायला माझ्याकडे काही नाही.

आपली चाळ पडली आणि तिच्याच जागेवर हे टॉवर उभे राहिले. मी अकराव्या मजल्यावर आहे. तू म्हणशील, एवढ्या उंचावर ऊनच ऊन असेल. पण माझ्या खिडकीसमोर दुसरा टॉवर आहे, त्याच्या भिंतीवरून परत आलेला उजेड तेवढा माझ्या वाट्याला येतो. म्हणून लेकीने झाडांसाठी मुद्दाम मिळतो तो दिवा पाठवला. तो जांभळा उजेड देतो. लावला की हॉल नाटकाच्या दुसऱ्या अंकासारखा दिसतो. दिवा आला, कुंड्यांऐवजी कापडी पिशव्या आल्या, बी होतंच. राहिली माती. आणि माती विकत घ्यायला दादरला जायचं, हे सांगताना मला अजून लाज वाटते. तू कोपऱ्यावरच्या खणलेल्या रस्त्यातून पाटीभर माती आणली होतीस, तीत चुलीची राख आणि शेजारच्या तबेल्यातलं शेण घातलं होतंस, संपला विषय.

नर्सरीवाली बाई पन्नाशीची असेल, केसांत पेन खोचलेलं. मी म्हटलं, घरात, दिव्याखाली लावायचंय, माती कुठली घेऊ? तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काका, झाड कुठलं? खरं सांगा हां. दिव्याखाली म्हटलं की इथे सगळेच टोमॅटो म्हणतात."

"अंबाडी."

"अंबाडी?" ती पेन काढून हसायलाच लागली. "हे खोटं तर आजवर कुणी सुचवलंच नव्हतं!"

पण विश्वास बसल्यावर तिने मला मातीचा पाठ दिला, आणि आई, मला तर ते शाळेतलं वृत्तांचं प्रकरण पुन्हा शिकल्यासारखं वाटलं. लाल माती म्हणजे ओवी: वजनदार, धरून ठेवणारी, पण नुसती भरली तर पिशवीत दगडासारखी बसते आणि मुळांना श्वास उरत नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हा मुक्तछंद: हलका, पाणी पिणारा, आणि स्वतःपाशी देण्यासारखं जवळजवळ काही नाही. गांडूळखत म्हणजे अर्थ. हे माझं हं. ती बाई एवढंच म्हणाली की दोन वाटे लाल माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा गांडूळखत, वर पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड, आणि तळाला भोकं असलीच पाहिजेत, कारण घरात ऊनवारा नाही, पाणी साचलं की मुळं कुजलीच. घरी येऊन जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि कोपरापर्यंत हात घालून ती माती कालवली. पावसाळी मैदानासारखा वास घरभर. तुझी सून गेल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता, हे तुलाच सांगतो.

सहाव्या दिवशी अंकुर आले. मग माझा धीर सुटला. नर्सरीतूनच झाडाच्या खाण्याची एक बाटली आणली होती. हिरवं पाणी, लिटरला एक झाकण. मी प्रेमाने दोन घातली, आणि रोज घातली. आठवड्याभरात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, टोकं विझल्या काडीसारखी वळली. मी एक पान वहीत ठेवून दादरला धावलो.

"काका, पाहुण्याला वाढताय का आग्रहाने?" बाई म्हणाली. "घरातल्या झाडाला भूक कमी असते. ऊन नाही, मग एवढं पचवणार कुठे? बाटलीवर लिहिलंय त्याच्या चौथाई द्या, पंधरा दिवसांतून एकदा. आणि आता आधी नुसतं साधं पाणी भरपूर ओता, खालून वाहून जाऊ दे सगळं खाल्लेलं."

मी तसं केलं. पिशव्या मोरीत नेऊन धुतल्यासारख्या धुतल्या, आणि नवी पानं आली ती अशी टवटवीत की काय सांगू. हातासारखी पाच बोटांची, कडेला बारीक दाते. आणि तिथेच घोटाळा झाला. समोरच्या टॉवरमधून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने ती जांभळ्या उजेडात पाहिली.

माणूस वाईट नाही. चाळिशीचा, कायम घाईत, शर्टाच्या खिशात दोन फोन. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा. "काका, राग मानू नका, पण हे काय लावलंय?"

"अंबाडी."

"कोण अंबाडी?"

"कोण नाही, काय. पालेभाजी आहे रे."

"काका, भाजीला जांभळा लाइट? मी नेटवर बघितलंय. सेम टू सेम पान!"

मी म्हटलं, थांब, तुला पुरावाच देतो. लेकीने फोनवर झाडाचं शास्त्रीय नाव पाठवलं होतं, ते मी चष्मा लावून, शाळेत वाचायचो तसं खणखणीत वाचलं: "हिबिस्कस कॅनाबिनस." आई, शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की मी काय वाचलं. पान गांजाच्या पानासारखं दिसतं म्हणूनच शास्त्रज्ञांनी ते नाव दिलंय म्हणे. सेक्रेटरीचा चेहरा पांढरा पडला. "कॅनाबिस? काका, तुम्ही स्वतःच सांगताय!"

"कॅनाबिनस! मधला न ऐक ना!"

"न बिन काही नाही काका."

"बरं, एक पान खाऊन बघ. आंबट लागेल."

तो दोन पावलं मागेच सरला. "नको नको, मला ऑफिसला जायचंय." जाताजाता त्याने फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि वरून निरोप आला की रविवारी, म्हणजे आज, पाचला कमिटी येईल, झाडं काढून टाका, नाहीतर पोलिसांना कळवावं लागेल. तेव्हापासून लिफ्टमध्ये माणसं माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात. कालच एका पोराने तर मला वाकून नमस्कार केला.

आणि मग, लिफ्टमध्ये असाच उभा असताना, मला चाळीतली, आपल्या समोरच्या खोलीतली मावशी आठवली. तुझी मालवणी मैत्रीण. तुझी अंबाडीची भाजी, कण्या आणि तुरीची डाळ घालून, वर लसणाची फोडणी, वाटीभर तिच्याकडे जायची, आणि तीच वाटी तिच्याकडून सोलकढी भरून परत यायची. आठवतं तुला, त्या वर्षी अंबाडी एका रात्रीत माना टाकून बसली? कडा तपकिरी, टोकं वळलेली. तू चिमूटभर माती जिभेवर ठेवलीस आणि थुंकलीस. "खारट. साबणाचं पानी गेलंय." गॅलरीत कपडे धुणारी मावशीच. ती बिचारी दारात येऊन सांगत होती, "वैनी, देवाची शप्पत, माझा पाणी थंयसर इलाच नाय," आणि तू परात आपटलीस. मी उंबऱ्यावर कविता म्हणत होतो. एरवी अडखळणारा मी, त्या दिवशी एकही ओळ चुकलो नाही.

दिवाळीला तिच्या करंज्या आल्या आणि तू खाऊन म्हणालीस, "साबन न्हाई ना गं ह्यात?" तेव्हा तुम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. भांडण मिटलं. पण मावशीने त्यानंतर गॅलरीत कपडे कधीच धुतले नाहीत. भरलेली बादली घेऊन ती टोकाच्या मोरीपर्यंत जायची, चाळ सोडेपर्यंत, कंबर गेल्यावरसुद्धा. मी रोज बघायचो.

आई, तो साबण नव्हता. शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं की नत्र मिळालं की पानं वाढतात. बागेतल्या माळ्याकडून मी कागदाच्या पुडीत पांढरं खत मागून आणलं आणि अख्खी पुडी तुझ्या डब्यात ओतली. तुझी अंबाडी एका वेळी वाटीभरच निघायची, आणि वाटी तर मावशीकडे जायची. मला वाटलं, दोन वाट्या निघाल्या तर एक आपल्याला राहील. मीच मारली ती. आणि मी गप्प बसलो.

हे लिहून झालं, आणि खरं सांगायचं तर कमिटीची भीतीही गेली. येऊ देत. मी त्यांना सांगेन, उपटायची तर उपटा, पण आधी प्रत्येकाने एकेक पान खायचं.

बेल वाजली. पाचला अजून वीस मिनिटं आहेत. दाराच्या भिंगातून बघून आलो, कमिटी नाही. कधी न पाहिलेली एक म्हातारी बाई आहे, नऊवारीतली, कपाळभर कुंकू, बगलेत परात. आता ती दारच बडवते आहे, आणि तिचा आवाज पार इथपर्यंत येतो आहे:

"अवं अंबाडीवालं! दार उघडा की! म्या सेक्रेटरीची सासू. जावयानं फोटू दाखिवला, म्हनतो गांजा हाय. म्हनलं, मुडद्या, गांजा न्हाई रं, अंबाडी हाय ती! उघडा बिगीबिगी, लसून सोलूनच आनलाय!"