आधी माझं बोट

आबा, काल सुनेनं तापलेल्या नातवासाठी खोकल्याची बाटली आणली आणि मी बूच काढून आधी माझं बोट त्यात बुडवलं. सून शिकलेली आहे, तिला ते रुचलं नाही. बाटलीवर सगळं छापलेलं असतं, आत्याबाई, असं म्हणाली. तिचं चुकलं नाही. मी चष्मा लावून ते छापलेलं सगळं वाचलंसुद्धा, आणि वाचून झाल्यावर बोट चाटलंच. गोड होतं, जिभेला जरा गार लागलं, मागून कडू काही आलं नाही. मग पोराला पाजलं. सून पाठ फिरवून हसली, आणि मला तुमची अशी आठवण आली की आज भाकरी थापून झाल्याबरोबर हा कागद घेऊन बसले.

चौसाळ्याचं आपलं दुकान मला अजून वासानं आठवतं. हळद, सुंठ, ओवा, गूळ, आणि वरच्या फळीवर विलायती बाटल्या. नगरहून बैलगाडीनं भुशात पुरून यायच्या. तुम्ही एकेक बाटली उपरण्यानं पुसून अशी मांडायचात की देवघरातले देवही इतके लख्ख नसतील, हे आईचं म्हणणं. अशक्तपणाची बाटली, पोटदुखीची, बायकांच्या आजाराची, आणि सगळ्यांत पुढं लेकरांची. तिच्या कागदावर एक मडम बसलेली आणि तिच्या मांडीवर गुबगुबीत गोरं बाळ. आमच्या गावात तसं बाळ कुणी बघितलेलं नव्हतं, म्हणून बाटलीवर विश्वास जास्त. प्रत्येक बाटलीभोवती पातळ कागदाची घडी असायची. एका बाजूला इंग्रजी, मग उर्दू, गुजराती, आणि एका कोपऱ्यात आपली मराठी. शाळा होती ती उर्दूत, आणि तीही पोरांची. म्हणून तुम्ही मला त्या कोपऱ्यातल्या मराठीवर बसवलंत. लोक ग म भ न शिकतात, मी 'दंतोद्भव' शिकले. मांडीवर घेऊन माझं बोट त्या शब्दावर फिरवत तुम्ही म्हणायचात, जोडाक्षराला भ्यायचं नाही, ते दोन साधी अक्षरंच असतात, दाटीवाटीनं बसलेली. आज मी जे काही वाचते, नातवाला गोष्टी वाचून दाखवते, ते त्या कागदाच्या कोपऱ्यातून आलेलं आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा ते कळलंच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तुम्ही गाडीच्या जुवावर उभे राहायचात आणि इश्तेहार पुकारायचात. आवाज असा की तेलगावाकडून आलेले बैल कान टवकारायचे. "अकसीर हाय, बया, अकसीर! लेकरू हसंल, लेकरू खेळंल, अफूचं बोट घरात न्हाई!" अकसीर म्हणजे रामबाण. बाकीच्या बाटल्या तुम्ही व्यापारासाठी विकायचात, ही मात्र जीव ओतून. त्याचं कारण मला आईनं सांगितलं. तुमच्या आईला खुरपायला जायचं असायचं. तेव्हा सगळ्याच बाया लेकराला अफूचं बोट चाटवून झोळीत टाकायच्या, मग दिवसभर लेकरू काही मागत नसे. एका दिवशी बोटावर अफू जरा जास्त आली आणि तुमची धाकटी बहीण उठलीच नाही. तुम्ही झोळीजवळ बसलेले होतात. लहानपणी तुम्हीही ते बोट चाटलेलं होतं. म्हणून मडमेची बाटली आल्यावर तुम्हाला वाटलं, आता आपल्या मुलखातल्या झोळ्या सुटल्या. कागदावर तसं छापलेलंच होतं, निर्भय आणि निर्दोष.

मग माझ्या धाकट्या भावाला, आपल्या बाळ्याला, दात यायला लागले. रात्रभर रडला, सकाळीही थांबेना. आईनं चमचाभर दिलं, तरी किरकिर चालूच. तुम्ही घडी उलगडून मोठ्यानं वाचलंत, रडणे न थांबल्यास अधिक द्यावे, अपाय नाही. आणि अधिक दिलंत. बाळ्या झोपला. आईला बरं वाटलं, मलाही. न्याहारी झाली, धुणं झालं, तो झोपलेलाच. आईनं दूध पाजायला उचलला तर मान लटकली, ओठ निळसर. मी हाक मारून तुम्हाला दुकानातून बोलावलं. आता मला तुम्ही दिसता आहात. तुम्ही त्याच्याकडं बघता, मग फळीवरच्या बाटलीकडं बघता, आणि सावकाश बूच काढून चाटता. साखर जिभेवरून सरेपर्यंत थांबता. तुमचा चेहरा लहान पोरासारखा होतो. "हे बोट हाय," एवढंच तुम्ही म्हणता, आणि आई बाळ्याला तुमच्या हातात देते.

त्यानंतरचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. आईनं कांदा फोडून त्याच्या नाकाला धरला, मी तळपायावर टिचक्या मारल्या, ओल्या फडक्यानं डोळे पुसले. तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन अंगणात येरझारा घालत होतात, राजा म्हणत होतात, बापा म्हणत होतात, ऊठ म्हणत होतात. त्याचा श्वास मध्येच थांबायचा आणि आम्हा तिघांचा त्याच्याबरोबर. गोड बोलण्यानं तो हलत नव्हता. शेवटी काय झालं कुणास ठाऊक, तुमच्या तोंडून बाजारातला आवाज निघाला. अकसीर हाय, बया, अकसीर! बाळ्या दचकला. डोळे किलकिले केले आणि रडला. मग तुम्ही थांबलाच नाहीत. लेकरू हसंल, लेकरू खेळंल. तो पेंगला की तुम्ही पुकारायचात, तो रडला की आई हात जोडायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं तीच खोटी ओळ चालू होती. शेजारची म्हातारी वाटी घेऊन बाटलीतलं थोडं मागायला आली, तिला वाटलं आज घरीच बाजार भरवलाय. तुम्ही तिला म्हणालात, "मावशी, आज इकीत न्हाई. आज जागवतोय." दिवेलागणीला बाळ्यानं आईचं दूध ओढलं, आणि तुमचा आवाज बसला तो बसलाच.

पुढच्या बाजारी तुम्ही जुवावर चढलात तेव्हा लोकांना नेहमीचं ऐकायचं होतं. तुम्ही घोगऱ्या आवाजात सांगितलंत, बाटलीत अफू हाय, मी चाखून बघितली, ज्यांनी नेली त्यांनी परत आणा. गर्दीतून एकानं हटकलं, कावून बे, मागच्या बाजारापातूर तर अकसीर होती? सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, चिडलाही नाहीत.

"इतके दिस तुमच्या लेकरांला पाजली," तुम्ही म्हणालात. "ह्या वख्ताला माझ्या लेकराला पाजली."

मग कडेवर तान्हं घेतलेली एक बाई पुढं आली. तिनं भांडण केलं नाही. तिचा प्रश्न एवढाच होता, की उद्या कापूस वेचायला जाताना ह्याचं मी काय करू? बाटली न्हाई, बोट न्हाई, तर काय? त्याचं थोडंसं उत्तर आईकडं होतं. तुम्ही घरी येऊन सांगितलंत आणि ती म्हणाली, आना की हितं, एकाला सांभाळते तशी दोन सांभाळीन. वेचणी सरेपर्यंत ते तान्हं आपल्या अंगणात रांगलं. ज्यांना आणता आलं नाही, त्या बायांनी पुन्हा बोटच चाटवलं असणार. ते तुम्हाला शेवटपर्यंत लागून राहिलं, मला माहीत आहे.

तेव्हापासून दुकानातली कुठलीही दवा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तुमचं बोट तिच्यात बुडायचं. आधी माझं बोट, मग तुमचं लेकरू. गाव तुम्हाला चाख्या म्हणायला लागलं. माळकरी माणूस तुम्ही, अशक्तपणाच्या बाटलीत दारू सापडली तेव्हा चूळ भरून भरून तोंड सोलून घेतलंत. पोटसफाईच्या गोळ्या चाखल्यात तेव्हा तर दोन दिवस दुकान आईनंच चालवलं, आणि ती कितीतरी वर्षं ते आठवून हसायची. हळूहळू वरची फळी रिकामी झाली. कागदाच्या घड्या उरल्या, त्यात तुम्ही ओव्याच्या पुड्या बांधायचात.

बाळ्या आता आजोबा झालाय. त्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही, घरात सगळ्यांना ओरडायला लावतो, आणि त्याची बायको त्याचा दोष तुम्हालाच देते. मी तुमची फार ऋणी आहे, आबा. अक्षरांसाठी, भावासाठी, आणि छापलेल्याच्या पुढं एक बोट ठेवायला शिकवलंत त्यासाठी.

हे तुमच्यापर्यंत कसं पोचवायचं ते काही माझ्या दंतोद्भवात लिहिलेलं नव्हतं. म्हणून या कागदाची आता ओव्याची पुडी बांधते, तुमच्यासारखी, टोक आत खोचून. एक मात्र सुनेला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. काल औषध दिल्यावरही पोराचा ताप चढत गेला. सून पाणी आणायला आत गेली तेव्हा मी दाराकडं बघून घेतलं आणि त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, अकसीर हाय, बया, अकसीर. साफ खोटं आहे, मला ठाऊक आहे. पण माझ्याकडं दुसरा कुठला मंत्र नाही.