बारा काचांना कुंकू

देवपूर, धुळे
२४ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप अक्कास निंबाचा नमस्कार.

मी बरा आहे, दोन वेळा जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

मी झाडलोट करतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमचे सर काचेवर पांढरी भुकटी बसवून तिला डाळिंबाच्या रसात भिजवतात. ती उन्हात ठेवली की वीज तयार होते. वीज मोजायच्या मीटरचा काटा हलताना मी स्वतः पाहिला.

दसऱ्याला सरांनीच नारळ फोडला. म्हणाले, "एकही वस्तू पूजेवाचून सोडू नका." काचांपाशी मी थांबलो, तर म्हातारे शिपाई भाईदासनाना म्हणाले, "वीज देस ती लक्ष्मीच शे. लाव टिका!" मी बाराही काचांना कुंकू लावलं. कुंकवाने भुकटीचा थर बिघडला, काचा वाया गेल्या.

आता सर सगळ्यांसमोर मलाच अडाणी म्हणतात! हे मी मनानेच केलं, असं लिहून मागतात. तसं लिहिलं तर माझी हंगामी नोकरी गेलीच. अक्का, आठवी नापास आहे म्हणून खोटं लिहू?

मी लिहिलं, "कुंकू मी लावलं. पूजा सरांनी सांगितली." नानांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि माझ्या सहीखाली आपला अंगठा उमटवला. कागद सरांच्या टेबलावर ठेवून आलो.

आईला सांगू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
निंबा