सुभेदाराचं बी

टाकवे बुद्रुक,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. संदेश,

आशीर्वाद. एरवी 'अनेक' लिहिते, यावेळी एवढ्यावर भागव.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला अंगठा पाठवता येत नाही.

इकडे खुशाली आहे. वरच्या खाचरातलं इंद्रायणी झोडून झालं. खालचं पावसानं लोळवलं होतं, ते कापायला माणसं मिळेनात, तेव्हा शालूबाईला गळ घातली. दिवाळीत गावाला जाणाऱ्यांनी आपापली कुत्री माझ्याकडे सोडली होती. त्यांच्या भुंकण्यानं आबांची झोप मोडायची, पण तक्रार करायला त्यांना वाचा कुठे आहे! गेल्या वर्षीच्या झटक्यात उजवं अंग आणि बोलणं गेलं ते गेलंच. डावा हात चालतो, भरवलं की नीट जेवतात. राणी थकली. पिल्लं झाल्यापासून तिचं अंग काही भरलं नाही. पिल्लांतली चिंगी तेवढी ठेवली, बाकीची चांगल्या घरी गेली. चिंगी आत्ता माझ्या पायावर झोपली आहे. या पत्राशी तिचा काही संबंध नाही, म्हणजे आहे, पण दोष नाही.

भाऊबीजेला मी तुझ्याकडे आले होते. शिदूनं सांगितलं असेल.

सीझन आहे, शेठचे पाहुणे आहेत, येता येणार नाही, असं तू कळवलंस. मी म्हटलं, भाऊ मॅनेजर झालाय, आता बहिणीनंच जायचं. ताम्हण, निरांजन, करंज्यांचा डबा असा सगळा संसार पिशवीत भरून लोणावळ्याला उतरले आणि रिक्षानं तुंगार्लीला तुमच्या बंगल्यावर आले. तर साहेब शेठबरोबर मुंबईला गेलेले. शिदूनं चहा दिला. त्या बिचाऱ्याला माझं काय करावं सुचेना. म्हणाला, "ताई, तुमी कुत्र्यातल्या मानूस. चला, पिल्लं दावतो."

मागच्या पडवीत शेठच्या शेफर्ड कुत्रीची पिल्लं होती. एक जाडगेलं पिल्लू सरळ माझ्याकडे आलं आणि साडीचा काठ धरून बसलं. मी उचललं. कुठलंही पिल्लू उचललं की आपल्या घरात हात पहिला मागच्या पायाकडे जातो, ती आबांची सवय, ती तुलाही आहे. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, बोटाला लागलं. जादा नख. दोन्ही मागच्या पायांना. दुसरं पिल्लू घेतलं, त्यालाही तेच.

मी शिदूला विचारलं, यांचा बाप कुठला?

"बाप मेल्याला हाय म्हनं. त्याचं बी बर्फात ठिवलं हुतं. आपल्या संदेशदादांनीच तर आनलं. शेठ लय खूश, तवापास्नं दादा मॅनेजर झालं." हे सगळं त्यानं कौतुकानं सांगितलं. तुझं कौतुक, माझ्यापुढे.

करंज्या मी शिदूच्या घरी देऊन आले. निरांजन पिशवीतून काढलंच नाही.

परतताना मनाला सांगत होते की जादा नख काय, जगातल्या कुत्र्यांत एकट्या आपल्या सुभेदारालाच असतं का? माझा भाऊ असं करणार नाही. कान्हे फाट्याला उतरले आणि घरी न जाता दत्तोबांकडे गेले. ते कुणाच्या तरी गायीला गोठवलेल्या बियाची कांडी भरून नुकतेच आले होते, हात धूत होते. मी विचारलं, जूनमध्ये सुभेदाराच्या कांड्या तुम्ही कुणाला दिल्या आणि केव्हा?

"संदेशला की. आदल्या दिशीच नेल्या. म्हनला, ताईनं सांगितलंय. म्या म्हनलं, घरचंच मानूस, त्याला काय इचारायचं?"

आदल्या दिवशी, संदेश. मी सांगितलं होतं त्या दिवशी नाही.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुला ते विसरायचं असेल आणि मला ते विसरू द्यायचं नाही.

सुभेदार म्हातारा झाला तेव्हा आबाच म्हणाले होते, चांगल्या भाताचं बी आपण राखतो, मग याचं का नको? देहूरोडच्या डेपोतल्या नोकरीतून आबा रिटायर होताना हे पिल्लू पिशवीत घालून आणलेलं, आणि पुढं दोघं एकमेकांना सोडून जेवले नाहीत. पुण्याला नेऊन त्याचं बी गोठवलं. ठेवायचं कुठं, तर दत्तोबांच्या नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये, जर्सी आणि गीरच्या कांड्यांशेजारी. गाव किती दिवस हसलं! म्हशीला कुत्रं होईल म्हणून दत्तोबांची चेष्टा केली. तूच सगळ्यांत जास्त हसवायचास. सुभेदार गेला तेव्हा आबा रडले नाहीत. "बी हाय की," म्हणाले. मग त्यांना झटका आला आणि ते वाक्यही गेलं.

कांड्या एका वेळेपुरत्याच होत्या. राणीचं वय झालेलं, डॉ. चैतालींनी स्पष्ट सांगितलं होतं की हा तिचा शेवटचा माज, यानंतर तिला त्रास द्यायचा नाही. म्हणजे संधी एकच. आणि मी गायींच्या घरातली, मला वाटत होतं माजावर आलेली दिसली की संध्याकाळी कांडी भरायची. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, कुत्रीचं तसं नसतं. नराला उभी राहिली तरी दिवस भरला असं नाही, बीज सुटल्यावरही ते पिकायला वेळ लागतो, आणि गोठवलेलं बी एकदा वितळलं की फार तग धरत नाही. दोन्हींची गाठ पडायला हवी. म्हणून एक दिवसाआड राणीचं रक्त तपासायला मी तळेगावला नेत होते. तू रोज संध्याकाळी फोन करायचास. "ताई, रिपोर्ट काय आला?" मला भरून यायचं. म्हणायचे, पोरगं दूर राहतं पण जीव इथं आहे. तुझा जीव कुठं होता ते आता कळलं. कांड्या मी कधी मागेन, त्याच्या आधी त्या काढायला हव्या होत्या ना तुला.

रिपोर्ट आला, दिवस ठरला, आणि नेमकं आबांच्या छातीत कफ भरला. मी हॉस्पिटलात. थांबता येत नव्हतं, एक दिवस पुढं गेला असता तरी सगळं फुकट. तू म्हणालास, "ताई, तू आबांपाशी बस. कांड्या मी नेतो." कांडीवर नुसता आकडा असतो, नाव नसतं. डॉक्टरांना तू जे दिलंस ते त्यांनी भरलं. शेठच्या कुठल्या कुत्र्याचं होतं, तेवढं एकदा सांग. चिंगीचा बाप कोण ते मला माहीत असायला हवं.

मी हॉस्पिटलात आबांच्या कानात सांगत होते की सुभेदार परत येतोय. ते डाव्या हातानं माझं मनगट धरून होते, सोडत नव्हते.

हे सगळं एक वेळ गिळलं असतं. नोकरी हवी होती तुला, शेठनं मागितलं, तुला नाही म्हणता आलं नाही. माझ्याकडे आला असतास तर मी शिव्या दिल्या असत्या, आणि राणीच्या पिल्लांतलं एक शेठला कदाचित दिलंही असतं. तू मला ओळखतोस. पण गौरी जेवल्या त्या आठवड्यात जे झालं, ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

राणीची पिल्लं मी आबांच्या मांडीवर ठेवली होती. तू पेढे घेऊन आला होतास. आबांनी एकेक पिल्लू डाव्या हातानं उलटं केलं, त्याचे मागचे पाय चाचपले आणि बाजूला ठेवलं. सगळी झाली. पुन्हा पहिल्यापासून चाचपली. मग शेवटचं पिल्लू असं ढकललं की ते खाली पडता पडता मी धरलं. आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी ओरडले त्यांच्यावर. "तुमच्यासाठी एवढं केलं आणि ढकलता काय!" तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि हळूच म्हणालास, "ताई, सोड. आबांना आता कळत नाही काही."

तू उभा होतास तिथंच. ते काय शोधतायत ते तुला दिसत होतं. मला सुचलं नाही, मी पिल्लांच्या आनंदात होते. पण तुला माहीत होतं, आणि तू त्यांना खुळ्यात काढलंस.

त्या दिवसापासून मी आबांना काही विचारणं बंद केलं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायला लागले, जसं ते तिथं नाहीतच. कुठला शर्ट घालू, भाकरी की भात, हेसुद्धा विचारलं नाही. ते तुझ्या हातचा पेढा तोंडात घेईनात, मुठीत दाबून बसले, तेव्हा मीच पेढा काढून घेतला आणि त्यांचा हात पुसला, लहान पोराचा पुसतात तसा. शुद्धीवरच्या माणसाला मी दोन महिने वेडा समजून वागवलं. कांड्या तू शेठला दिल्यास, पण माझे आबा माझ्यापासून तोडलेस, त्याचं काय करायचं?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची दाढी करून दिली, समोर बसले आणि म्हटलं, "आबा, तुमचं बरोबर होतं. ती पिल्लं सुभेदाराची नव्हती." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही. मग डावा हात उचलला आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं, तो दहावीच्या निकालाचा, पेढ्याच्या बॉक्ससकटचा.

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. कोणी आणल्या कांड्या, हे मीच तर त्यांना हॉस्पिटलात कौतुकानं सांगितलं होतं.

मला वाटलं, फोटो काढ म्हणतायत. मी स्टूल घेऊन चढलेही. तर त्यांनी माझा पदर धरला आणि मान हलवली. नाही. काढायचा नाही. फोटो आहे तिथंच आहे. त्यानंतर रोज सकाळी मी त्यांना विचारते, काय हवं, आणि रोज ते एकदा तिकडे बोट करतात. रागानं नाही. वाट बघतात तसं. हे सांगताना माझा जीव जळतो, पण खोटं कशाला लिहू.

मी आबा नाही. मी तुला अजून माफ केलेलं नाही, करीन की नाही तेही माहीत नाही. पण राणी आता रिकामी, कांड्या संपल्या, सुभेदाराचं जे काही उरलंय ते तुमच्या मागच्या पडवीत आहे. शिदू म्हणाला, महिनाअखेर शेठ सगळी पिल्लं मित्रांना वाटणार. त्यातलं ते जाडगेलं, साडी धरणारं, मला हवं आहे. शेठला काय सांगायचं ते तू ठरव, सांगण्यात तू हुशार आहेस. शिदूबरोबर पाठवू नकोस, ड्रायव्हरबरोबर नको. तू स्वतः आण. आबांच्या डाव्या बाजूला बस, त्यांचा हात धरून पिल्लाच्या मागच्या पायावर ठेव, आणि तुझ्या तोंडानं सांग की आबा, तुम्हाला कळत होतं.

निरांजन अजून पिशवीतच आहे. वात घालून ठेवली आहे, पेटवीन की नाही ते तू पायरी चढल्यावर बघू.

'तुझी ताई' लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

राजेश्वरी