उजव्या हाताचा मोजा

नारीन, १४ नोव्हेंबर

लाडक्या झारकिनायला बापाचे आशीर्वाद.

मी धड आहे, गुरं धड आहेत, घोडी गाभण आहे. तिकडे बर्फ पडलं असेल. पाय कोरडे ठेव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून नोवोसिबिर्स्कला निघालेल्या ट्रकवाल्याबरोबर हे पत्र पाठवतो आहे.

तुझ्या कानावर येईलच, की मी उपचार केंद्रातल्या ताजीगुलबाईला सगळ्यांसमोर वाटेल ते बोललो. बोललो! तिची पद्धत मला पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. तुझ्या उमसुनायचा डावा हात जन्मापासून मिटलेला. मग बांधायचा कोणता? तर चांगला, उजवा! रोज दोन तास त्यावर जाड मोजा चढवून मनगटाशी गाठ मारायची, म्हणजे म्हणे डावा कामाला लागतो. पाच वर्षांच्या पोरीच्या हातून ताकाचा पेला सांडतो, ती हंबरडा फोडते, आणि आपण बघत बसायचं! मी म्हटलं, "बाई, एवढा पायबंद मी घोड्यांनाही घालत नाही."

तर म्हणते, "काका, शिंगरू किंचाळलं म्हणून तुम्ही लगाम काढून टाकता का? मग त्याच्यावर बसायचं कोणी?"

तोंडाळ बाई. तुझ्याच वयाची असेल.

सहा आठवडे झाले. तिथल्या दुसऱ्या पोरांची बोटं उघडायला लागली, आपल्या पोरीची नाही. परवा ताजीगुलने तिच्यापुढे तळलेल्या पिठाचा गरम बोरसोक ठेवला. "डाव्या हाताने घे ग, राणी." उमसुनायने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोज्याचा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आजोबा, काढा ना. घरी काढता तसा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी ओरडलो.

आता कळलं ना? घरी रोज मीच वेळेआधी गाठ सोडत होतो. बाई विचारायची, "दोन तास झाले?" मी म्हणायचो, "झाले."

आणि तू ग? नेमका मोज्याच्या वेळी रोज तुझा फोन. पोर रडताना ऐकलंस की तूही रडायचीस, "बाबा, सोडा हो तिला!" तू तिकडे भट्टीवर पाव भाजतेस, तुझं बोलायला काय जातं? मी एकट्या म्हाताऱ्याने दोघींचं रडणं कुठवर ऐकायचं?

काल ताजीगुलच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणाली, "काका, माझं काही गेलं नाही. सहा आठवडे गेले ते उमसुनायचे." रात्रभर तेच कानात आहे. सोमवारपासून पोरीला परत घेते आहे. ही शेवटची खेप. तिच्या जागेसाठी चार पोरं वाट बघताहेत.

म्हणून नीट वाच. दुपारी दोन ते चार फोन करायचा नाही. केलास तरी लागणार नाही. तो बंद करून पिठाच्या डब्यात ठेवणार आहे. पोर रडेल. मी तिच्यासमोर बसेन, माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून.

तुझ्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर चिडलेला,
तुझा बाप ओरोझबाय